वाघझिऱ्याचा रीजंट

मी चौतीस वर्षं सौंसरच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि खोटं कशाला बोलू, शब्दांच्या बाबतीत मी माजोरडी आहे. कोणी चुकीचा शब्द वापरला की माझ्या अंगाची लाही होते. रिटायर झाले तरी गावाने मला सुखाने बसू दिलं नाही. कोणाला दुकानाची पाटी हवी, कोणाला लग्नपत्रिकेवर चार ओळी, कोणाला नागपूरच्या कंपनीत अर्ज. "मॅडमले विचारा" म्हणत लोक येतात आणि मीही सांगते, कारण त्यात माझी मिजास राहते. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती, ते कळायला सोपं जाईल.

मागच्या दिवाळीनंतर दामिनी आणि तिचा नवरा अतुल घरी आले. दामिनी माझी विद्यार्थिनी. बोरगावची पोर, सायकलने शाळेत यायची, आणि मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली चिंचा खात असताना ही माझा जाडा शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. रामाकोन्याच्या पुढे वाघझिरा म्हणून लहानसं गाव आहे, तिथे तिला दिली. दोन हजार बावीसच्या निवडणुकीत वाघझिऱ्याच्या सरपंचाची जागा बायांसाठी निघाली. अतुलने बायकोला उभं केलं आणि ती निवडून आली.

आता आमच्या भागात बाई निवडून येते आणि सरपंच नवरा होतो. पंचायतीच्या खुर्चीवर अतुल बसायचा. शिक्का अतुलच्या पँटच्या खिशात. दामिनी घरी. चपराशी कागद घेऊन तिच्या स्वयंपाकघरात जायचा, ती पिठाचे हात पुसून सही करायची आणि पुन्हा पोळ्यांना लागायची. गावात "सरपंच" म्हटलं की अतुल. तिला म्हणायचे "सरपंचबाई", डॉक्टरच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणतात तसं.

"मॅडम, एक शब्द पाह्यजे होता," अतुल म्हणाला. "कार्ड छापून राहिलो."

"कसलं कार्ड?"

"व्हिजिटिंग कार्ड. आता पांढुर्णा जिल्हा झाला. साहेब लोकांत उठनं-बसनं हाय माहं. 'सरपंचपती' लिहिलं तं थे गालात हासतात. 'सरपंच प्रतिनिधी' तं गल्लोगल्ली हाय. असा शब्द द्या मॅडम, का समोरचा चूपच बसला पाह्यजे."

दामिनी सोफ्याच्या कडेला बसली होती. डोक्यावर पदर, हातात चहाचा कप, आणि नजर माझ्यावर. मला वाटलं, हिला गंमत बघायची आहे. आणि गंमत करायची संधी मी सोडेन तर शपथ.

"रीजंट लिही," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"राजा गादीवर असतो, पण त्याच्याने राज्य चालवणं होत नाही. मग त्याच्या नावाने जो राज्य चालवतो, तो रीजंट. संस्थानांमध्ये असायचे पूर्वी."

अतुलचा चेहरा पुरीसारखा फुलला. "राजघराण्यातला शब्द हाय म्हना!"

"शुद्ध राजघराण्यातला."

अर्धा अर्थ मी पोटात ठेवला. राजाच्याने राज्य चालवणं कधी होत नाही? तो अज्ञान बालक असेल तेव्हा, वेडा किंवा अंथरुणाला खिळलेला असेल तेव्हा, नाहीतर राज्यातच नसेल तेव्हा. म्हणजे नवरा ते कार्ड वाटत फिरणार आणि जगाला सांगणार की माझी बायको एक तर कुकुलं बाळ आहे, नाहीतर वेडी. दामिनीला हा अर्धा अर्थ ठाऊक असणार, म्हणून मी तिच्याकडे बघून डोळा मारला. ती हसली नाही. नवऱ्यासमोर कशी हसेल, असं मला वाटलं. ते गेल्यावर मी एकटीच पोट धरून हसले, आणि दोन मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं.

कार्डं छापली गेली. अतुलने गाडीच्या मागच्या काचेवरही मोठ्या लाल अक्षरांत तो शब्द लिहून घेतला. सौंसरच्या बाजारात ती गाडी दिसली की मला गुदगुल्या व्हायच्या. लोक मात्र खरोखरच चूप बसायचे. अर्थ कोणालाच माहीत नव्हता, आणि विचारला तर आपलंच अडाणीपण उघडं पडेल म्हणून कोणी विचारत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला वाघझिऱ्यात अंगणवाडीच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. मला पाहुणी म्हणून बोलावलं. तिथे मला पंचफुला भेटली. अंगणवाडीची सहायिका, पन्नाशीची, हाडाने काटक आणि तोंडाने फटकळ. तिने खुर्ची आणून दारावरच्या सज्ज्याखाली टाकली.

"इथं बसा मॅडम, सावलीत. नवाकोरा सज्जा हाय. रंग पाहा कसा लालभडक देला, नव्या नवरीवानी."

"तुमचे सरपंच कोण हो, पंचफुलाबाई?" मी मुद्दामच विचारलं.

"सरपंच?" तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हनुवटीने झेंड्याकडे खूण केली. "थे काय, दोरी धरून उभे हायेत. अन् सरपंचबाई थ्या तिकडं, बुंदीपाशी." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मत आमी बाईले देलं होतं. भेटला बुवा. काय करता मंग!"

झेंडा अतुलने फडकवला. दामिनी बुंदीच्या टोपल्यामागे उभी राहून पोरांना कागदाच्या पुड्या देत होती. रांगेत पंचफुलाचा मुलगा रोशनही होता, पंचविशीचा, रामाकोन्याला संत्र्याच्या ट्रकवर पेट्या चढवायचा. पंचफुला त्याच्यावर ओरडली, "लेकरायले घेऊ दे ना रे आधी, घोड्या!" सगळे हसले. मीही हसले. दिवस चांगला गेला.

नंतर चौकशीत जे बाहेर आलं ते असं. तो सज्जा सोळा जानेवारीला भरला होता. काँक्रीट पक्कं होईपर्यंत खालच्या टेकूची, सेंट्रिंगची लाकडं निदान चौदा दिवस तरी ठेवायची असतात, हे गवंड्याचं पोरसुद्धा सांगेल. पण सव्वीसला उद्घाटन, त्याआधी रंग व्हायला हवा, म्हणून अतुलने ती बावीसलाच काढायला लावली. भिंतीच्या सांध्याशी चीर गेली. ती सिमेंटने लिंपली आणि वरून लाल रंग दिला. महिन्याअखेर काम पूर्ण झाल्याचा कागद तयार झाला. काम नियमाप्रमाणे झालं, मी स्वतः तपासून पाहिलं, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सरपंचाची सही होती. म्हणजे दामिनीची.

अकरा फेब्रुवारीला त्या सज्ज्यावर पाण्याची टाकी चढवली आणि पहिल्यांदा काठोकाठ भरली. दुपारचे बारा वाजले होते. मुलं आत खिचडी खायला बसली होती आणि पंचफुला बाहेर सावलीत उद्याचे तांदूळ निवडत होती. रोशनला फोन गेला, "माय पडली, लवकर ये." तो आला तेव्हा माय दिसतच नव्हती. पाणी, सिमेंट आणि ओले तांदूळ दिसत होते. तिला काढायला तीन तास लागले.

बातमी ऐकली तेव्हा मी जेवत होते. ताट तसंच सरकवलं. ज्या जागी ती मेली त्या जागी मी पंधरा दिवसांपूर्वी खुर्ची टाकून बसले होते, हेच सारखं डोक्यात येत राहिलं.

पांढुर्ण्याला चौकशी बसली. प्रश्न एकच होता. गुन्हा कोणावर दाखल करायचा? सगळं गाव अतुलचं नाव घेत होतं, पण कागदाला तोंड असतं आणि गावाला नसतं. तीन वर्षांच्या कारभारात अतुलची एक सही नव्हती, एका ठरावात नाव नव्हतं. जिथे तिथे दामिनी. तिला पाच वर्षांची मुलगी होती, आणि ती तुरुंगात जाणार हे स्पष्ट दिसत होतं. अशात रोशनने एक कागद शोधून चौकशीच्या साहेबांपुढे ठेवला. अतुलचं व्हिजिटिंग कार्ड. पंचायतीच्या नावाखाली अतुलचं नाव छापलेला अख्ख्या जगातला तो एकच कागद. साहेबांनी विचारलं, हा शब्द काय आहे? अतुल म्हणाला, प्रतिभा मॅडमनं देला, त्याइले म्हाईत. म्हणून मला बोलावणं आलं.

दुसऱ्याच दिवशी अतुल संत्र्याची पेटी घेऊन दारात हजर.

"मॅडम, तुमाले जास्त काई नाई बोलाचं. येवढंच सांगा का थो शब्द मजाकमध्ये देला होता, त्याले काई मतलब नाई."

"प्रत्येक शब्दाला मतलब असतो, अतुल. दामिनीचं काय होईल?"

"तिले जमानत भेटून जाईन. बाईमानूस हाय, कोर्ट बी पाहाते." तो समजावणीच्या सुरात बोलत होता, जसा काही मोसंबी घ्यावी की संत्री याचा सल्ला देतोय. "मी अंदर गेलो तं घर कोन पाहीन? मायबाप हायेत माहे."

मी त्याला पेटीसकट बाहेर काढला. दार धाडकन लावलं. त्याच क्षणी ठरवलं, पोरीला वाचवायचं. शब्द माझा, अर्थ माझा. आजवर त्याने हसवलं, आता सोडवेल. खरं सांगते, त्या संतापातही मला जरा बरं वाटत होतं. अख्खी चौकशी माझ्या एका शब्दाभोवती फिरणार होती.

दोन दिवसांनी दामिनी एकटीच बसने आली. वाळली होती. मी तिला जवळ बसवून सगळं समजावलं. मी पूर्ण अर्थ सांगणार. सगळा कारभार त्याने चालवला, तू नावापुरती होतीस, तुला त्यातलं काही कळत नव्हतं, असं एकदा लिहून निघालं की तू सुटशील. "तू फक्त चूप बसायचं."

"चूप तं मी बसतच आली, मॅडम."

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी त्याइले तुमच्याकडं मीच घेऊन आली होती. थे तं कार्डवाल्यालेच विचारणार होते. मीच म्हटलं, मॅडमले विचारू."

"का?"

"मले वाटलं, मॅडम रागीट हायेत. त्याइले झापतील. म्हनतील, अरे सरपंच दामिनी हाय ना, मंग कार्ड तिच्या नावाचं छाप, खुर्चीवर तिले बसू दे. दुसऱ्या कोनाचं थे आयकत नोते. तुमाले भेत होते." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "बसमध्ये सारा रस्ता मी देवाले म्हनत आली, का मॅडमनं बोललंच पाह्यजे."

"मग तू तरी तोंड उघडायचंस ना!"

"तुमी बोलान म्हून थांबली. तं तुमी डोळा मारला."

लाज वाटली. इतकी वाटली की उठून आत गेले आणि उगाच गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं. बाहेर येऊन म्हटलं, "चुकले मी. आता भरून काढते. बघशील तू."

"पाहू," ती म्हणाली. चहा न घेताच गेली.

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी आम्हा सगळ्यांना एकदमच आत बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला अतुल, दुसऱ्या बाजूला दामिनी, भिंतीशी बाकावर रोशन, कोपऱ्यात टाइप करणारा बाबू, आणि दारात एक शिपाई. साहेब इंदूरकडचे. बोलायचे हिंदीत, पण आमची बोली त्यांना समजत होती. कार्ड दोन बोटांत धरून त्यांनी मला विचारलं, मॅडम, याचा नेमका अर्थ काय आणि हा शब्द कुठे वापरतात?

मी वर्गात सांगावा तसा सांगितला. गादीवर बसणं वेगळं आणि राज्य चालवणं वेगळं. पहिलं ज्याचं आहे तो राजा, दुसरं ज्याच्या हाती आहे तो रीजंट. हुकूम रीजंटचा, नाव राजाचं. कोणी उगाच कारभार बघणाऱ्याला रीजंट म्हणत नाहीत. सगळी सत्ता त्याच्या हातात असली तरच म्हणतात. आणि या माणसाने हा शब्द अर्थ विचारून, समजून, स्वतःच्या नावाखाली छापला. अतुलच्या कपाळावर घाम आला होता. बाबू खडाखड टाइप करत होता. मला वाटलं, जिंकलं.

साहेबांनी विचारलं, रीजंट नेमतात कधी?

"तीनच प्रसंगी. राजा अज्ञान बालक असेल, त्याचं डोकं ठिकाणावर नसेल, किंवा तो राज्यात नसेल तर."

मग या बाई तिघांपैकी कोण? त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी दामिनीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्याच्याने बोलणं झालं नसतं.

"पहिली," मी म्हटलं. "कारभाराच्या बाबतीत ती लहान मुलासारखीच आहे, साहेब. समोर कागद ठेवला की सही करायची. त्यात काय लिहिलंय हे तिला कळतही नव्हतं."

"साहेब, मॅडमचं लिहू नोका."

दामिनी उभी राहिली होती. पदर खांद्यावर आला होता आणि तो तिने वर घेतला नाही.

"बस खाली, दामिनी," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"नाई बसत. खोटं हाय थे." ती साहेबांकडे वळली. "मी लहान नाई, येडी नाई, अन् गावातच होती. सही माही हाय. कागद चुलीपाशी येत होता तरी मी एकूनएक कागद वाचूनच सही करत होती. आमच्या आंगनातून अंगनवाडी दिसते. लाकडं सहाव्या दिवशी काढले, थे मी पाह्यलं. रंग द्याच्या आधी चीर होती, थे बी पाह्यली. कागदावर लिहिलं होतं, 'स्वतः तपासून पाहिलं'. मी वाचलं. खोटं हाय समजलं. अन् सही केली."

साहेबांनी विचारलं, का केली?

"नाई म्हटलं असतं तं घरात भांडन झालं असतं. तेवढ्यासाठी."

अतुल खुर्चीत सैल झाला. पाठ टेकली त्याने. ते दामिनीनेही पाहिलं. "लाकडं काढाले सांगितलं थे याइनं. टाकी बी याइनंच चढवली. थे बी लिहा," ती म्हणाली. "पन सरपंच मी हाय."

साहेब म्हणाले, लिहून घेतो, पण त्याला पुरावा नाही. सहीला आहे.

"म्हाईत हाय, साहेब."

बाकावरून रोशन उठला. आईचा खून करणारा म्हणून तो इतके दिवस एकाच माणसाचं नाव घेत फिरत होता. आता त्याला कोणाकडे पाहावं ते कळत नव्हतं.

"वयनी, तुमी एक डाव म्हटलं असतं, का थ्या सज्ज्यावर टाकी नोका ठेवू... एक डाव फक्त..."

"हो."

"तं माही माय..."

"हो, रोशन. जिती राह्यली असती."

तो मग बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोसलं असतं.

मी दामिनीचा हात धरला. "अगं, आत जाशील. लेकरू आहे तुला."

"तिच्यासाठीच बोलून राहिली," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला. रागाने नाही, पण सोडवून घेतला.

साहेबांनी बाबूला खूण केली. मॅडम, तुमच्या जबाबाची आता गरज नाही, ते मला म्हणाले. बाबूने माझी दोन पानं बाजूला सारली आणि दामिनीचा जबाब टाइप करायला घेतला. मी चौतीस वर्षं बोलले, आणि त्या खोलीत माझ्याजवळ एक शब्द उरला नव्हता.

दोन पानं निघाली. बाबूने ती दामिनीपुढे ठेवली आणि पेन दिलं. ती खुर्चीवर बसली, पानं सरळ केली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली. बोट एकेका ओळीखालून सरकत होतं. साहेब थांबले. बाबू थांबला. दारातला शिपाई पायावर पाय बदलत उभा राहिला.

"कर ना सही," अतुल सवयीने म्हणाला. "काय पाहात बसली?"

"थांबा," ती मान वर न करता म्हणाली. "वाचून राहिली मी."